भाच्याचं ऑफर लेटर आणि त्यापायी गेलेले 20,550 रुपये

आंबेमोहर:

नमस्कार मंडळी. नोकरीच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीबद्दल आपण सगळेच वाचतो. गेल्या आठवड्यात ती आमच्याच घरात शिरली, म्हणून हा धागा काढतेय.

माझा भाचा कराडजवळ राहतो, नुकताच बी.कॉम. झालाय. वडील नाहीत. आई, म्हणजे माझी थोरली बहीण, शिवणकाम करते. त्याने एका जॉब साईटवर बायोडेटा टाकला आणि चौथ्या दिवशी व्हॉट्सॅपवर मेसेज आला. मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफ, पगार 32,500, राहणं-जेवण मोफत, अनुभवाची अट नाही. रजिस्ट्रेशनचे 1,250 रुपये त्याने भरले. मग फोनवर मुलाखत झाली, जेमतेम सात मिनिटं. उंची किती, रात्रपाळी चालेल का, घरी कोण कोण असतं. संध्याकाळी ऑफर लेटर हजर. दुसऱ्या दिवशी गणवेश आणि ओळखपत्राचे 6,800 मागितले. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते, ते त्याने दिले. मग वैद्यकीय तपासणी आणि सॅलरी अकाउंटसाठी 12,500. हे ताईने बचत गटातून उचलले. चौथ्यांदा 'ट्रेनिंग बाँड' म्हणून 25,000 मागितले, तेव्हा ताईचा मला फोन आला.

ते पत्र मी मोबाईलवर मोठं करून ओळ न ओळ वाचलं. वर कंपनीचं बोधचिन्ह, पण त्याच्या कडेने पांढरा चौकोन तसाच राहिलेला. म्हणजे कुठूनतरी उचलून चिकटवलेलं. खाली गोल शिक्का आणि त्यात तीन सिंह. खासगी कंपनीच्या पत्रावर राजमुद्रा कशासाठी? मूळ वेतन, घरभाडे भत्ता आणि बाकीचे भत्ते यांची बेरीज केली तर 29,700 होत होती, एकूण मात्र 32,500 छापलेले. हजर व्हायचा पत्ता 'टर्मिनल 2, गेट नं. 4'. ऑफिसचं नाव नाही, मजला नाही. आणि पैसे भरायचे ते कुणा एका बाईच्या नावच्या खात्यात. दोन पानांच्या त्या पत्रात 'रिफंडेबल' हा शब्द सात वेळा होता. कामाचे तास किती, ते एकदाही नव्हतं.

भाचा बावळट नाही. दुसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हा त्याला शंका आली होती आणि त्याने तसं विचारलंही. पलीकडची बाई अगदी मायेने म्हणाली, "बेटा, पावती घे ना, पहिल्या पगारात सगळं परत मिळतं." पाच मिनिटांत शिक्का मारलेली पावती आली. त्या पावतीनेच त्याला पुढच्या पैशांसाठी तयार केलं. आता तो खोलीतून बाहेर येत नाहीये.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आत्ता काय करावं? आणि तुमच्या किंवा ओळखीच्यांच्या वाट्याला असं काही आलं असेल, तर कुठल्या खुणांवरून ओळखता आलं असतं?

टेबल नंबर पाच:

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी 1930 ला फोन लावा. सायबर फसवणुकीसाठी केंद्र सरकारची ही हेल्पलाइन आहे. लाईन व्यस्त लागली तर लावत राहा. हाताशी ठेवा : पैसे गेले त्या खात्याची बँक, रक्कम, तारीख-वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. यूपीआयने भरले असतील तर ॲपमध्ये तो व्यवहार उघडला की बारा आकडी क्रमांक दिसतो. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि सगळे स्क्रीनशॉट जोडा. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून घ्या.

मी बँकेत आहे, म्हणून घाई का ते सांगतो. तुमच्या भाच्याचे पैसे त्या बाईच्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत. तिथून दोन-तीन खात्यांत, तिथून आणखी पाच-सहा खात्यांत आणि मग एटीएममधून बाहेर. तक्रार नोंदली गेली की पुढच्या पुढच्या बँकांना कळवलं जातं आणि साखळीत जिथे पैसे सापडतील तिथे ते होल्ड करता येतात. एकदा काढले गेले की होल्ड करायला काही उरत नाही. पहिले 1,250 आणि 6,800 बहुधा गेले असतील, पण शेवटच्या 12,500 साठी प्रत्येक तास मोलाचा आहे.

आणि ती खातेदार बाईही फसवलेली असू शकते. आमच्या शाखेत एक मुलगा आला होता, खातं गोठवलं म्हणून रडकुंडीला आलेला. त्याला 'घरबसल्या अकाउंट हँडलर'ची नोकरी मिळाली होती. काम एवढंच की खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवून बाकीचे सांगितलेल्या खात्यात पाठवायचे. एटीएम कार्ड आणि सिमसुद्धा त्याने 'कंपनीला' देऊन टाकलं होतं. चार राज्यांतल्या तक्रारींत त्याचा खाते क्रमांक निघाला. पोलिसांच्या लेखी पहिला आरोपी तोच. तुमचं खातं वापरायला मागणारी नोकरी ही पैसे मागणाऱ्या नोकरीपेक्षाही वाईट.

आंबेमोहर:

खूप खूप धन्यवाद. ताईला फोन केलाय. भाचा आणि ती दोघं मिळून 1930 लावतायत.

हिंजवडी फेज तीन:

एचआरमध्ये चौदा वर्षं काढली आहेत, म्हणून आतल्या बाजूने लिहिते.

भरतीचा खर्च कंपनीचा असतो. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, मेडिकल, ओळखपत्र, लॅपटॉप, कशाचेही पैसे आम्ही उमेदवाराकडून घेत नाही. फसवणारे नावं बदलत राहतात. आज सिक्युरिटी डिपॉझिट, उद्या फाईल चार्ज, परवा लॅपटॉपचा विमा. मुलं नावावर वाद घालतात, 'पण मेडिकल तर खरंच असतं ना'. असतं, पण पैसे कुठल्या दिशेने जातायत ते बघायचं.

ईमेल बघताना पाठवणाऱ्याचं नाव वाचू नका, ॲट चिन्हाच्या पुढचा भाग वाचा. आमच्या कंपनीच्या नावाला 'करिअर्स' किंवा 'एचआर' जोडून कुणीतरी डोमेन घेतलं होतं. दिसायला आमच्यापेक्षा अधिकृत! तसल्या मेलला उत्तर देऊ नका आणि त्यातल्या नंबरवर फोनही करू नका. कंपनीची वेबसाईट स्वतः शोधून करिअरच्या पानावर ती जागा आहे का बघा आणि तिथल्या पत्त्यावर विचारा. ऑफर लेटर खरं आहे का, असं विचारणारे मेल आम्हाला रोज येतात आणि आम्ही उत्तर देतो. असं विचारल्याने कुणाची नोकरी जात नाही.

पत्रावर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक आहे, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साईटवर तो सापडतोही, म्हणून निर्धास्त होऊ नका. खऱ्या कंपनीचा क्रमांक कुणालाही उचलून छापता येतो. कंपनी खरी आणि पत्र खोटं, हाच प्रकार जास्त.

पोपटी:

'नोकरी देणारा पैसे मागत नाही' हे सरसकट सांगितलं की खेड्यातली मुलं गोंधळतात. सरकारी परीक्षांना फी असतेच. रेल्वे भरतीला सर्वसाधारण उमेदवाराला 500 रुपये भरावे लागतात आणि पहिल्या संगणक परीक्षेला बसलं की 400 परतही मिळतात. एमपीएससीलाही फी आहे. त्यामुळे 'रिफंडेबल' शब्द ऐकला की मुलांना ते खरंच वाटतं.

मी फरक असा सांगतो. परीक्षेची फी अर्जासोबत जाते, जाहिरातीत छापलेली असते, अधिकृत पोर्टलवरच भरली जाते आणि सगळ्यांना एकाच नियमाने लागते. निवड झाल्यानंतर, तुझ्या एकट्याकडून, माणसाच्या खात्यात मागितली तर ती फी नव्हे.

रेल्वेचाच एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. 2022 च्या डिसेंबरात उघडकीला आला. तमिळनाडूतल्या 28 जणांना टीटीई, क्लार्क अशा नोकऱ्या लावतो म्हणून दिल्लीला नेलं आणि 'प्रशिक्षण' म्हणून नवी दिल्ली स्टेशनावर बसवलं. रोज आठ तास, जवळजवळ महिनाभर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायचे. सगळ्यांचे मिळून 2 कोटी 67 लाख रुपये गेले. त्या मुलांनी इमानेइतबारे डबे मोजले असतील हो, वह्यांत आकडे लिहिले असतील. मी स्पर्धा परीक्षेची मुलं शिकवतो, त्यांच्यातला कुणीही तिथे बसलेला दिसतो मला.

म्हापसा बाजार:

आमच्या गोव्यात 2024 च्या शेवटाला सरकारी नोकरीसाठी लाखो रुपये दिलेल्यांच्या तक्रारी एकामागोमाग बाहेर आल्या, अटका झाल्या. तिथे ना बनावट वेबसाईट, ना टेलिग्राम. ओळखीचाच माणूस, घरी येऊन चहा घेणारा. पैसे देणाऱ्यालाही ठाऊक असतं की आपण आडवाटेने जातोय, म्हणून फसल्यावर तो पोलिसात जायला घाबरतो. 'वर पोहोचवायचे आहेत' हे वाक्य ऐकलं की तिथूनच परत फिरा.

जायकवाडी:

डेटा एंट्रीवाल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही, मी लिहिते. यात पैसे आधी मागत नाहीत, म्हणून वरची सगळी पारख इथे चुकते.

बाळंतपणानंतर घरी होते. जाहिरात होती फॉर्म फिलिंगची. सात दिवसांत 500 फॉर्म, एकाला 40 रुपये, म्हणजे आठवड्याला 20,000. एकच अट, 90 टक्के अचूकता. ऑनलाईन करारावर सही केली, आधारची प्रत दिली. फॉर्म म्हणजे अंधूक स्कॅन केलेली चित्रं. शून्य की ओ कळत नाही, स्वल्पविराम की डाग कळत नाही. बाळ झोपलं की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टाईप केलं. निकाल आला 87 टक्के. मग फोन : कराराचा भंग झाला, सॉफ्टवेअरचे 6,200 भरा. नाही म्हटलं तर तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर 'कोर्ट नोटीस'. त्यावर तराजूचं चित्र, माझं नाव, माझा आधार क्रमांक, नवऱ्याच्या ऑफिसचा उल्लेख आणि खाली यूपीआयचा क्यूआर कोड.

मी भरले. पोलिस दारात येतील या भीतीने भरले. नवऱ्याला चार महिन्यांनी सांगितलं.

नंतर एका वकील मैत्रिणीने समजावलं. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे, ती कुणीही पाठवू शकतो. आणि कोर्ट कधीही क्यूआर कोड पाठवून 'आज पाचपर्यंत भरा, नाहीतर अटक' असं म्हणत नाही. तसली नोटीस आलीच तर पैसे न भरता तीच पुरावा म्हणून पोर्टलवर तक्रारीला जोडायची. कुणी बाई आत्ता अशा धाकात असेल आणि हे वाचत असेल, तर एक रुपया भरू नका. एकदा भरला की दर महिन्याला नवा 'वकील' फोन करतो.

टेबल नंबर पाच:

@जायकवाडी, लिहिलंत ते फार बरं केलंत. टेलिग्रामवरच्या 'टास्क'चंही असंच, आधी पैसे मागत नाहीत, उलट देतात. व्हिडिओ लाईक करा, हॉटेलला रेटिंग द्या, आणि पहिले 150-200 रुपये खरोखर खात्यात येतात. मग 'प्रीपेड टास्क'. 1,000 टाका, 1,300 मिळतील, तेही मिळतात. मग 5,000, मग 20,000, आणि तिथून पैसे फक्त त्यांच्या साईटवरच्या आकड्यात वाढत जातात. काढायला गेलं की टॅक्स भरा, क्रेडिट स्कोअर दुरुस्त करा. ग्रुपमध्ये 'मला आज 46,000 मिळाले' म्हणणारे सगळे त्यांचेच.

दर्यावर्दी:

रत्नागिरीचा आहे, पंधरा वर्षं बोटीवर. आमच्याकडे पोरगा बारावी झाला की 'बोटीवर लावतो' म्हणणारे गावात येतात. तीन-चार लाख घेतात, शेत गहाण पडतं. मग पोरगा महिनोन्महिने नवी मुंबईत भाड्याच्या खोलीत आठ जणांबरोबर 'जॉइनिंग येतंय' म्हणून बसतो. नाहीतर खरोखर एखाद्या मोडक्या बोटीवर चढवतात, जिथे पगार नाही, धड पाणी नाही, आणि मालक बोट सोडून गायब.

आमच्या धंद्यात नियम अगदी स्पष्ट आहे. खलाशाची भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा (डीजी शिपिंगचा) आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो आणि खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. 2006 चा सागरी कामगार करार हेच सांगतो, भारताने तो 2015 मध्ये स्वीकारलाय. परवान्यांची यादी डीजी शिपिंगच्या साईटवर आहे. नाव बघा, परवाना चालू आहे की निलंबित ते बघा, आणि साईटवर दिलेल्याच फोनवर विचारा की हा एजंट तुमचा आहे का. 'भारतीय सीडीसीला (खलाशाच्या ओळखपुस्तकाला) वेळ लागतो, दुसऱ्या देशाची काढून देतो' म्हणाला की समजा, पोरगा कायद्याच्या आधाराबाहेर चालला.

पैसे देऊन चढलेल्या पोराला बोटीवर तक्रार करता येत नाही, कारण घरी कर्ज बसलेलं असतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मुक्काम शारजा:

आखाताबद्दल लिहितो. भारतातून परदेशी कामगार पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, तो ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. दीड-दोन लाख मागणारा कायदा मोडतोय, मग नोकरी खरी असली तरीही. यूएईच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगारावर टाकायला मालकालाही बंदी आहे.

सगळ्यात मोठी खूण व्हिसा. 'आत्ता व्हिजिटवर ये, इथे बदलून घेऊ' म्हणून आलेली मुलं मी इथे पार्कमध्ये झोपलेली पाहिलीत. एका सातारच्या मुलाला आमच्या खोलीवर आणलं, त्याच्याकडे बारा दिर्हम होते.

आणि थायलंड, कंबोडिया, लाओस, म्यानमार इथली 'डिजिटल मार्केटिंग', 'कस्टमर सपोर्ट'ची नोकरी असेल, पगार डॉलरमध्ये आणि मुलाखतीत टायपिंगचा वेग विचारत असतील, तर जाऊ नका. परराष्ट्र मंत्रालयाने 2022 पासून सावध केलंय. बँकॉकला उतरवतात, तिथून गाडीने सीमेकडे, नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीला. पासपोर्ट काढून घेतात आणि रोज लोकांना ऑनलाईन फसवायला बसवतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 549 भारतीयांना सीमेलगतच्या थायलंडमधल्या माई सोतहून परत आणलं. म्हणजे फसवणारा मेसेज टाईप करणारा कधीकधी खोट्या नोकरीतच अडकलेला, मार खाणारा मुलगा असतो. यामुळे आपले गेलेले पैसे परत येत नाहीत, पण मला ते विसरता येत नाही.

हिंजवडी फेज तीन:

एक राहिलं. 'शंभर टक्के नोकरीची हमी' देणारे क्लासेस. फी 80,000, नसेल तर जागेवर कर्ज. मोबाईलवर दोन ओटीपी दिले की कर्ज मुलाच्या नावावर. नोकरी लागत नाही, हप्ता सुरू राहतो. त्याला फसवणूक म्हणून सिद्ध करणं कठीण, कारण करारात बारीक अक्षरांत 'सहाय्य' लिहिलेलं असतं. हमी दिली असेल तर ती त्याच शब्दांत लिहून मागा. बहुतेक क्लास तिथेच विषय बदलतात.

आंबेमोहर:

सर्वांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

1930 चौथ्या प्रयत्नाला लागला. तक्रार क्रमांक एसएमएसने आला, मग पोर्टलवर बाकीचं भरलं. 12,500 पैकी 9,000 दुसऱ्या एका बँकेत होल्ड झाल्याचं कळलंय. ते परत मिळायला वेळ जाईल. आधीचे 8,050 गेले. पोलीस ठाण्यात सुरुवातीला 'एवढ्याशा रकमेसाठी कशाला' असा सूर लागला, पण ताई तक्रार अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठली नाही. बचत गटातल्या बायकांना तिने स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. हप्त्याला मुदत मिळाली आहे, आणि त्यातल्या दोघींनी आपल्या मुलांचे मोबाईल आणून तिला मेसेज दाखवले. एकाला गणवेशाचेच 6,800 मागितले होते.

भाच्याला मी हा धागा वाचायला दिला. जायकवाडी यांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला, मग जेवायला बाहेर आला.

त्या लोकांनी 'सिलेक्टेड कँडिडेट्स' नावाचा ग्रुप केला होता, त्यात 62 नंबर होते. रात्री बसून त्याने एकेकाला स्वतंत्र मेसेज केला : मी असा असा, माझे इतके गेले, हा तक्रार क्रमांक, पुढे भरू नका. मधेच त्याला ग्रुपमधून काढलं, पण नंबर त्याने आधीच वहीत उतरवून घेतले होते. सकाळपर्यंत अकरा जणांची उत्तरं आली. चौघांनी बाँडचे 25,000 अजून भरले नव्हते. जत तालुक्यातल्या एका मुलीने लिहिलं, "दादा, वडील बैल विकायला बाजारात गेलेत, त्यांना फोन करते."

आता ती वही घेऊन तो उरलेल्यांना फोन लावत बसलाय.